जुनं घर रंगवायचंय? पेंटर ठरवण्याआधी आणि ठरवल्यावर काय काय बघायचं

नवीन फ्लॅट रंगवणं आणि चाळीस-पन्नास वर्षं जुनं घर रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पेंटर तोच असला तरी. नवीन फ्लॅटमध्ये एकच प्लास्टर, त्यावर पुट्टी, प्रायमर, रंग, संपलं. जुन्या घरात तळाला चुना असतो, त्यावर डिस्टेंपर, मधे कधीतरी कुणीतरी स्वयंपाकघरात छातीच्या उंचीपर्यंत ऑईल पेंट मारून ठेवलेला असतो कारण तेलकट डाग पुसता येतात, आणि सगळ्यात वर मागच्या लग्नकार्याला घाईघाईत मारलेला प्लास्टिक पेंट. नवा रंग कितीही महागाचा आणा, तो खालच्या सगळ्यात कच्च्या थराइतकाच टिकणार. म्हणून पेंटर ठरवताना कुठल्या कंपनीचा रंग हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न हा, की रंगाच्या आधी काय काय करणार आणि ते कोटेशनमध्ये कुठे लिहिलंय.

पेंटरला फोन करण्याआधी घर ठोकून बघा

खरंच ठोकून. एखादं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि सगळ्या भिंतींवर हलकं टकटक करत फिरा. घट्ट प्लास्टर भरीव वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं, दोन-चार ठिकाणी ऐकलं की फरक लगेच कळतो. पोकळ लागेल तिथे खडूने गोल करून ठेवा. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीखालचा भाग आणि गच्चीला लागून असलेले छताचे कोपरे ही नेहमीची ठिकाणं.

मग तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वर चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. ओलं फडकं घासून बघा, रंग फडक्यावर उतरला तर हे अजून पक्कं झालं. पाण्याने ढिम्म हलत नाही आणि वर चकाकी आहे, तर ऑईल पेंट. या दोन्हींवर थेट इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लास्टिक पेंट, मारलं की पहिले सहा महिने घर फोटोत छान दिसतं, नंतर चुन्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि ऑईल पेंटवरचा नखाने निघतो. रंगाची पकड बघायची अजून एक साधी युक्ती म्हणजे चिकटपट्टी घट्ट दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची, पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तेवढी भिंत खरवडावीच लागणार, त्यात पेंटरशी घासाघीस करण्यासारखं काही नाही.

ओल आहे का, आणि असली तर कुठून आहे, हे मात्र नीट वेळ देऊन बघा कारण जुन्या घरात निम्मी भांडणं ओलीवरूनच होतात. वहीच्या पानाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने बंद करून लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव साचलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असेल तर खोलीत हवा खेळत नाही, एवढाच अर्थ. आता डागाची जागा बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा, पोपडे आणि पांढरा खार फुटलेला असेल तर जमिनीतली ओल वर चढतीये. छताजवळ डाग असतील आणि पावसाळ्यात वाढत असतील तर गच्ची किंवा कौलं. बारा महिने एकाच जागी ओला डाग असेल तर पाइप, तिथे आधी प्लंबर. यातलं काहीही आतून डॅम्पप्रूफचा कोट मारून बरं होत नाही, पाणी एका कोपऱ्यात अडवलं की ते दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर येतं.

भेगांचं पण तसंच. केसाएवढ्या भेगा पुट्टीत जातात. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांत ती खुणेच्या पुढे गेली तर पेंटर नको, इंजिनियर हवा. स्लॅबचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर तर अजिबातच थांबू नका. सोसायटीत राहत असाल तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनियरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला सांगितलेलं आहे, ते शेवटचं कधी झालं हे सेक्रेटरींना विचारा. ऑडिटवाल्यांनी भिंती फोडायला सांगितल्या तर नवाकोरा रंग त्यांच्याबरोबर जाणार.

चुन्यातलं बांधकाम असेल तर जरा थांबा

जुना वाडा, मातीच्या भिंती किंवा कोकणातलं चिऱ्याचं घर ज्याला चुन्याचा गिलावा आहे, तिथे नेहमीचं पुट्टी-प्रायमर-इमल्शनचं गणित लावू नका. या भिंती पावसाळ्यात ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात. त्यावर प्लास्टिक पेंटचा थर बसला की ओल आत कोंडते आणि मग रंग नाही तर गिलावाच सुटायला लागतो. पडलेल्या जागी सिमेंटचं ठिगळ लावलं तर ते जवळच्या चुन्यापेक्षा कडक होतं आणि कडेने भेग पडते. इथे चुन्यानेच दुरुस्ती आणि वर चुन्याचा किंवा हवा जाऊ देणारा मिनरल रंग. पेंटरला सरळ विचारा, चुन्याचं काम केलंयत का. आजकाल फार जणांनी केलेलं नसतं, आणि "त्यात काय, पुट्टी मारू ना" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

कधी काढायचं काम

पावसाळ्यात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाऊस थांबला की लगेचही नाही. जाड जुन्या भिंती वाळायला वेळ घेतात, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर चांगला पेंटर जागेवर सापडत नाही, सापडला तर चार साइटवर एकेक माणूस ठेवून सगळीकडे थोडं थोडं काम करत असतो. कोकणात हीच गर्दी गणपतीच्या आधी, तीही भर पावसात. सणाचा हट्ट सोडता आला तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो, भिंत कोरडी असते आणि पेंटरला पण घाई नसते. होळीच्या, छटपूजेच्या आसपास उत्तरेकडचे कारागीर गावी जातात, तेव्हा तारखा ठरवताना गावाला कधी जाणार आहात हे आधीच विचारून ठेवा.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वाळवीचं औषध हे सगळं रंगाच्या आधी. जुनी वायरिंग बदलायची असेल तर आत्ताच बदला, रंग झाल्यावर भिंतीला झिरी मारताना जीव वर-खाली होतो.

पेंटर कोणता

ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात. एक नाक्यावरचा किंवा ओळखीतला कारागीर, स्वतः काम करतो, बरोबर एखादा मदतनीस. दुसरा ठेकेदार, त्याच्याकडे माणसं असतात, तो स्वतः सकाळ-संध्याकाळ चक्कर मारतो. तिसरं म्हणजे मोठ्या रंग कंपन्यांची पेंटिंग सर्व्हिस, त्यांचा माणूस मशीनने ओल मोजतो, घासायला धूळ ओढणारं मशीन असतं, छापील कोटेशन आणि वॉरंटी मिळते, वर जीएसटी लागतो. काम शेवटी त्यांच्याही पॅनेलवरचा ठेकेदारच करतो, त्यामुळे त्या टीमचा मुकादम कोण हे तिथेही विचारायचं. आणि वॉरंटीचा कागद वाचायचा, गळती आणि ओलीमुळे झालेलं नुकसान त्यात साधारणपणे धरत नाहीत, आणि जुन्या घरात रंग बहुतेक वेळा त्यानेच जातो.

एक-दोन खोल्या असतील तर चांगला कारागीर पुरे. अख्खा बंगला, बाहेरची बाजू, परांची बांधायची असेल तर ठेकेदार. शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्याच भागातलं रंगाचं दुकान, त्यांना कोण माल नेतो आणि कोण उधारी ठेवतो हे पक्कं माहीत असतं. त्यांनी दोन-तीन नावं दिली की त्या पेंटरने तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं घर दाखवायला सांगा. मागच्या महिन्यातलं नको, ते सगळ्यांचंच छान असतं. तीन-चार पावसाळे झेललेली भिंत बघायची, खिडकीच्या खाली आणि बाथरूमच्या मागे.

तो घर बघायला येतो तेव्हा तुम्ही त्याला बघा

काहीजण दारातूनच मान वर करून म्हणतात, "काका, दोन हात मारले की चकाचक होईल." काहीजण खिशातून पत्ती काढून एका कोपऱ्यात जरा खरवडून बघतात, खाली काय आहे ते चाचपतात, कपाट सरकवायला सांगतात, वर कुणाचं बाथरूम आहे विचारतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस दोन पैसे जास्त सांगेल आणि तरी तोच घ्या. तुमच्या खडूच्या गोलांबद्दल त्याने स्वतःहून विचारलं तर अजूनच चांगलं.

त्याला हे विचाराच: पूर्ण भिंत खरवडणार का फक्त पोपडे आलेली जागा? पोकळ प्लास्टर पाडून पुन्हा करायचं कोणी, तुमचा गवंडी का माझा? पुट्टी किती हात? ऑईल पेंटच्या भिंतीचं काय करणार? बरोबर उत्तर असं की पॉलिश पेपरने घासून चकाकी मारायची, पुसून घ्यायची आणि वर ऑईल पेंटला धरणारा प्रायमर. "डायरेक्ट बसतो" हे चुकीचं उत्तर. व्हाइट सिमेंटची पुट्टी जुन्या रंगावर धरत नाही, त्याच्यासाठी खाली गिलावा उघडा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे एवढं कळलं तरी समोरच्याचा सूर बदलतो. आणि नवीन सिमेंट प्लास्टर केलं तर त्याला आठवडाभर पाणी मारून, एकूण चार आठवडे तरी जाऊ द्यावे लागतात, प्लास्टर परवा आणि रंग तेरवा म्हणणाऱ्याला तारखा नव्याने मांडायला सांगा.

मोजमाप आणि कोटेशन

कार्पेट एरियाला साडेतीनने गुणायचं हा आपल्याकडचा चालू हिशोब. नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या फ्लॅटला तो कसाबसा चालतो, जुन्या घराला नाही. समजा खोली १० बाय १२ आणि उंची ११ फूट. चार भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले ११ म्हणजे ४८४, अधिक छत १२०, झाले ६०४. एक दार २१ आणि एक खिडकी १६ वजा केली की ५६७ चौरस फूट. साडेतीनच्या हिशोबाने तीच खोली ४२० भरते. म्हणजे अंदाजाने घेतलेलं कोटेशन काम सुरू झाल्यावर फुगणार आणि तुम्हाला वाटणार पेंटर लुबाडतोय, त्याला वाटणार हे पैसे मारतायत. टेप घेऊन दोघांनी एकत्र मोजा, खोलीवार आकडे एका कागदावर लिहा, दारं-खिडक्या वजा करायच्या का नाही तेही तिथेच ठरवा. बरेच ठेकेदार वजा करत नाहीत आणि त्या बदल्यात चौकटीच्या कडा फुकट धरतात, ते चालतं, फक्त आधी बोलणं झालेलं पाहिजे.

काम उक्तं द्यायचं, मटेरियलसकट द्यायचं, नुसत्या मजुरीवर द्यायचं का रोजावर? रोजावर जुन्या घराचं काम संपत नाही, तो नाद सोडा. उक्त्यात आकडा एकच असतो, ऐकायला बरं वाटतं पण तयारी कुठे गेली ते कळत नाही. वेळ असेल तर मजुरी चौरस फुटावर ठरवा आणि माल स्वतः आणा, मालावर तुमचा ताबा राहतो. वेळ नसेल तर मटेरियलसकट, पण डबे सीलबंद साइटवर आले पाहिजेत आणि तुमच्यासमोर उघडले पाहिजेत. पुट्टीच्या पिशव्यांत आणि रंगाच्या बादल्यांत पेंटरसाठी कंपनीचं टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, ते त्याचं आहे, माल तुम्ही आणला असला तरी त्यालाच द्या, पण एखादाच ठराविक ब्रँड घ्या असा आग्रह कशामुळे होतोय हे त्यावरून लक्षात येतं.

तीन कोटेशन घ्या आणि शेवटचा आकडा झाकून ती वाचा. एकात लिहिलेलं असतं, "पूर्ण फ्लॅट रंगकाम, प्रीमियम इमल्शन, दोन हात." दुसऱ्यात असं काहीतरी: "हॉल, चार भिंती: जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडणे, पोकळ प्लास्टर काढून नवीन करणे, वेगळा दर प्रति चौ. फूट, पुट्टी दोन हात घासून, प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात, शेड नंबर अमुक. छत: खरवडून ॲक्रिलिक डिस्टेंपर दोन हात. ग्रिल: गंज घासून रेड ऑक्साइड एक, इनॅमल दोन." पहिल्यावाल्याशी पुढे ज्याच्यावरून वाद होणार ते सगळं दुसऱ्याने आधीच लिहून दिलंय. पहिलं स्वस्तच असणार, कारण त्यात काही धरलेलंच नाही.

आणखी काय लिहून घ्यायचं: फरशी आणि फर्निचर झाकायचं प्लास्टिक कोणाचं, डेब्रिज कोण नेणार, जिना आणि लिफ्ट कोण साफ करणार, परांचीचं भाडं, रोज किती माणसं येणार, टचअप कधीपर्यंत फुकट. उंचीवरच्या कामाला सेफ्टी बेल्ट पाहिजेच आणि माणसांच्या विम्याचं ठेकेदाराला विचारा, तो हसला तरी विचारा.

पैसे टप्प्याने. सुरुवातीला थोडा ॲडव्हान्स, साधारण १० ते २० टक्के, मग खरवडणं आणि प्लास्टर झाल्यावर, मग पुट्टी-प्रायमरनंतर, मग पहिल्या हातानंतर, आणि शेवटचे १० टक्के सगळं पुसून, टचअप करून, डेब्रिज गेल्यावर. अर्धे पैसे आधी मागणाऱ्याला माल तुम्हीच आणून देतो म्हणा, गाडी तिथेच रुळावर येते.

जुन्या ऑईल पेंटमधलं शिसं

याच्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. जुन्या इनॅमल आणि ऑईल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत, शिसं भरपूर असायचं. भारतात २०१६ साली नियम आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली. म्हणजे त्याआधीची दारं, खिडक्या, ग्रिल, कठडे, पाळण्याच्या कड्यांपर्यंत सगळ्यावर शिशाचा रंग असू शकतो असंच धरून चालायचं. तो तिथे नुसता बसून राहिला तर विशेष त्रास नाही, कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बायकांना घातक असते. पेंटरला सांगा की दारं-खिडक्या ओला पॉलिश पेपर वापरूनच घासायच्या, आगीने जाळून रंग काढायचा नाही, खाली प्लास्टिक टाकून कचरा गोळा करायचा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. चांगला मास्क त्यालाही द्या, तो रोज हेच करतो. मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर तेवढे दिवस मामाकडे नाहीतर आत्याकडे पाठवा.

असंच सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, तारेच्या ब्रशने कोरडं घासू देऊ नका.

जुन्या दारांवर रंग चढवायच्या आधी एका कोपऱ्यात खाली काय लाकूड आहे ते बघा. जुनं सागवान निघालं तर पेंटर नको, पॉलिशवाला वेगळा बोलवा, भिंती रंगवणारा आणि पॉलिश करणारा हात एकच क्वचित असतो.

काम चालू असताना

एका वेळी एक-दोनच खोल्या उघडा. सगळं घर एकदम खरवडायला दिलं की झोपायला जागा राहत नाही. पहिल्या दिवशी स्वतः घरी थांबा, कारण खरवडणं त्याच दिवशी असतं आणि चालढकलही त्याच दिवशी होते. पुट्टी मारायच्या आधी उघडी भिंत फोटोत घेऊन ठेवा. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर ती डाग पिते, तिच्यावर नुसता पेपर पुरत नाही, जाड प्लास्टिक आणि वर पोतं टाका. भिंत ओली करताना त्या खोलीचा मेन बंद.

पुट्टी घासून झाली की संध्याकाळी बल्ब भिंतीला समांतर, अगदी कडेला धरून बघा. सगळे खड्डे, लाटा, पत्तीच्या रेघा सावलीत दिसतात. खडूने खुणा करा, पेंटरला राग येत नाही, उलट तेव्हाच सांगितलं तर त्याचं पाच मिनिटांचं काम असतं. वीस फूट लांबीची जुनी भिंत मात्र काचेसारखी सपाट होणार नाही, तो हट्ट धरून पुट्टीचा जाड थर मारून घेऊ नका, जाड पुट्टीच आधी सुटते. तिथे मॅट फिनिश घ्या, चकाकीने वाकडेपणा उठून दिसतो.

शेड कार्डावरून रंग फायनल करू नका, दोन बाय दोन फुटांचा पट्टा दोन वेगळ्या भिंतींवर मारून एकदा सकाळी आणि एकदा ट्यूबलाइटमध्ये बघा. एका खोलीचे सगळे डबे एकाच बॅचचे घ्या. पाणी किती मिसळायचं ते डब्यावर छापलेलं असतं, बादलीत ओतताना एकदा डोकावा. चांगल्या गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण ६० ते ७० चौरस फूट धरा, म्हणजे वरच्या खोलीच्या ५६७ फुटांना आठ-नऊ लिटर. त्याच्या निम्म्यातच भागलं तर पाणी जास्त झालंय किंवा एक हात गाळलाय. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ गेलाच पाहिजे.

शेवटच्या हिशोबाआधी दिवसा उजेडी एक चक्कर मारा: खिडक्यांच्या काचा, स्विचबोर्डच्या कडा, दाराची वरची कड जी कुणी बघत नाही, कपाटामागचा भाग, बिजागऱ्या. खिडक्या उघडतायत का बघा, जुन्या लाकडी खिडक्या रंगाने चिकटून बसतात. राहिलेलं सगळं कागदावर लिहून पेंटरला द्या आणि शेवटचे पैसे तो कागद पूर्ण झाल्यावर. उरलेला रंग छोट्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, झाकणावर मार्करने खोली, शेड नंबर आणि महिना लिहा, थिनर मोरीत ओतू देऊ नका. बाहेरची बाजू केली असेल तर पहिला मोठा पाऊस झाला की आतल्या भिंतींवर पुन्हा तळहात फिरवा, कुठे गार-ओलं लागलं तर पेंटरला त्याच आठवड्यात फोन करा.